वणवा या विषयात करिअर होतं का? सुरुवात नाशिकमधून कशी करू?

गोदाकाठची
मंडळी नमस्कार. टीवाय बीएस्सी बॉटनी, कॉलेज नाशिकमध्येच, राहते पंचवटीत. पुढे काय करायचं यावर घरात रोज रात्री जेवताना बैठक बसते. बाबा म्हणतात बँकेचे फॉर्म भर, मावशी म्हणते बीएड करून टाक, आणि मला वन्यजीव संवर्धनात जायचंय, त्यातही वणव्यावर काम करायचंय. हे सांगितलं की सगळे विचारतात, म्हणजे फायर ब्रिगेडमध्ये का?

झालं असं की गेल्या उन्हाळ्यात ग्रुपबरोबर रामशेजच्या बाजूच्या डोंगरावर आग विझवायला गेलो होतो. सगळे फांद्यांनी झोडपत होते आणि माझं लक्ष कोतवाल पक्ष्यांकडे. ते आगीच्या पुढे पुढे उडत होते आणि गवतातून जीव घेऊन उडालेले नाकतोडे हवेतच उचलत होते. मागे राखेत दोन बगळे आरामात फिरत होते. नंतर परत तिकडे गेले तर जळालेल्या बाजूला हिरवे कोंब आणि न जळालेली बाजू तशीच पिवळी. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे, की आग सरसकट वाईट म्हणायची का? शोधलं तर बाहेरच्या देशात फायर इकॉलॉजी, म्हणजे आग आणि निसर्ग यांच्या नात्याचा अभ्यास, हा आख्खा विषय आहे, त्यात लोक पीएचड्या करतात, नोकऱ्या करतात. आपल्याकडे काय आहे? एमएस्सी करू, एमपीएससी देऊ की सरळ वनरक्षक भरतीला बसू? पैसे मिळतात का? मुलींना फील्डवर ठेवतात का? जरा खरं खरं सांगा, मोटिव्हेशन नको, ते इन्स्टावर मिळतं.

सह्यभटक्या
विषय भारी आहे. पण ताई, हिरवे कोंब बघून आगीच्या प्रेमात पडू नका. आम्ही दर फेब्रुवारी-मार्चला बघतो, पांडवलेणी, चामरलेणी, अंजनेरी, ब्रह्मगिरी, संध्याकाळ झाली की कुठे ना कुठे डोंगरावर लाल माळ दिसतेच. कोणीतरी विडी टाकतं, कोणी मुद्दाम काडी लावतं. आम्ही पावसाळ्यात लावलेली झाडं एका रात्रीत खलास. आग लावणाऱ्याला पकडून फटके द्यायला पाहिजेत, त्यात इकॉलॉजी कसली शोधायची.

आणि आग विझवायला हौशीने जाऊ नका प्लीज. २०१८ च्या मार्चमध्ये तामिळनाडूत कुरंगणीला ट्रेकर्सचा ग्रुप वणव्यात सापडला होता, वीसच्या वर माणसं गेली. उतारावर आग खालून वर माणसापेक्षा जोरात धावते, हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं.

एक्सेल_शीट
मी कडू बोलतो, राग मानू नका. फायर इकॉलॉजिस्ट पाहिजे अशी एक जाहिरात नोकरीच्या साइटवर दाखवा. नाही मिळणार. माझा चुलतभाऊ वाइल्डलाइफमध्ये एमएस्सी करून प्रोजेक्टवर प्रोजेक्ट करतोय, एक संपला की दुसरा मिळेपर्यंत घरी. आवड वीकेंडला जपता येते. आधी पोटापाण्याचं बघा.

आगगाडी
माझ्या आयडीमुळे मला या धाग्यावर बोलायचा नैसर्गिक अधिकार आहे असं समजून पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कुसळ
गोदाकाठची, मी गवताळ प्रदेशांवर पीएचडी केली आहे आणि अजून त्यातच आहे, त्यामुळे मोठं लिहिते, चालवून घे.

आधी एक्सेल_शीट यांचं. जाहिरात मिळणार नाही हे बरोबरच आहे, कारण आपल्याकडे या नावाचं पदच नाही. जे लोक हे काम करतात ते कोणी गवतावर, कोणी घाणेरीच्या झुडपांवर, कोणी सॅटेलाइट डेटावर, कोणी वनखात्यात, अशा वेगवेगळ्या दारांनी आत आलेत. म्हणजे आगीचा अभ्यासक व्हायचं तर आधी दुसरं काहीतरी पक्कं यायला लागतं. तुझ्याकडे बॉटनी आहे, हे चांगलं भांडवल आहे. आपल्या भागातली गवतं ओळखणारी माणसं फार थोडी उरलीत, आणि आगीत काय जळालं आणि परत काय आलं हे गवत ओळखता आल्याशिवाय सांगताच येत नाही.

आता हिरव्या कोंबांचं. बहुवर्षायू गवताचा गड्डा जमिनीलगत जिवंत असतो. वरचं वाळलेलं जळून गेलं की ऊन थेट जमिनीवर पडतं आणि गड्डा जमिनीत उरलेल्या ओलीवर कोंब काढतो. गुराख्याला तेच हवं असतं, ऐन उन्हाळ्यात जनावरांना दोन घास हिरवं. पण त्याची किंमत असते. गवतातला नत्र धुरात जातो, राखेतलं बाकीचं वळवाच्या पहिल्या सरीत उतारावरून ओढ्यात. आणि दरवर्षी जाळत राहिलं की गवतांची मिसळच बदलते, मारवेलसारखं जनावरं आवडीने खातात ते मागे पडतं आणि कुसळी वाढते.

कुसळीचं बी हातात घेऊन बघ एकदा. टोकाला भाल्यासारखं टोक, मागे लांब पिळाची शेपटी. त्यावर थोडं पाणी टाक, शेपटी स्वतःभोवती गोल फिरायला लागते. दमट हवा, कोरडी हवा असं होत होत ते बी स्वतःला मातीत पिळून घेतं, आणि आग येते तेव्हा ते खाली सुरक्षित असतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कुरणांमध्ये हेच गवत आहे आणि तिकडेही जाळण्याने ते टिकून राहतं हे पशुपालकांना पक्कं ठाऊक आहे. म्हणजे गुरांसाठी म्हणून जाळायचं आणि शेवटी गुरांच्या तोंडाला टोचणारं गवत वाढवायचं, असा सगळा उलटा व्यवहार.

त्यामुळे आग चांगली की वाईट हा प्रश्नच मला कच्चा वाटतो. किती वर्षांनी लागली, कोणत्या महिन्यात, किती जोराची, आणि तिथे मुळात काय होतं, एवढं कळल्याशिवाय उत्तर नाही. जानेवारीत दव असताना सकाळी लागलेली आग जमिनीवरून सरपटत जाते आणि एप्रिलच्या दुपारची आग झाडांच्या शेंड्यापर्यंत पोळते. एप्रिलमध्ये टिटवी, तित्तर, रातवा यांची अंडी जमिनीवर असतात. आणि अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतात, एकच अंडं, म्हणजे आपला वणव्याचा सीझन नेमका त्यांच्या पिल्लांच्या दिवसांत येतो. त्या उलट अंजनेरीची जी प्रसिद्ध कंदीलपुष्पाची जात आहे तिचा कंद उन्हाळाभर जमिनीखाली झोपलेला असतो. एकाच डोंगरावर एकीची वाट लागते आणि दुसरीला पत्ताही नसतो.

अमेरिकेत आधी आग दिसली की विझवा असंच होतं. १९३५ पासून त्यांच्या वनखात्याचा नियमच होता की आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. मग जंगलात सुका पालापाचोळा साठत गेला आणि ज्या आगी लागल्या त्या आवाक्याबाहेर जायला लागल्या. मिशिगनमध्ये कर्टलँड वॉर्बलर नावाचा छोटा पक्षी फक्त कोवळ्या जॅक पाइनच्या खाली घरटं करतो आणि त्या पाइनची बोंडं आगीच्या उष्णतेने उघडतात. आगी थांबवल्या, कोवळे पाइन संपले, पक्षी संपत आला. मग मुद्दाम झाडं लावून, काही ठिकाणी जाळून, जंगल तरुण ठेवायला लागलं तेव्हा कुठे २०१९ मध्ये तो संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. पण हे जसंच्या तसं उचलून रामशेजला लावायचं नाही. तिकडे वीज पडूनही आगी लागतात, आपल्याकडे जवळजवळ सगळ्या माणसाने लावलेल्या. म्हणून इथे या विषयात काम करणाऱ्याला अर्धं काम माणसांशीच असतं.

पेठकर
कुसळ ताईंनी शेवटी माणसांचं काढलं म्हणून लिहितो. मी पेठ तालुक्यातला, शाळेत मास्तर, घरची भाताची शेती. शहरातली मंडळी वणवा म्हटलं की आदिवासींनी डोंगर जाळला असं बोलून मोकळी होतात. राब म्हणजे काय हे किती जणांनी पाहिलंय?

भाताची रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर शेण, वर झाडाचा पाला-फांद्या, वर गवत आणि सगळ्यात वर बारीक माती पसरतात. माती का, तर आग उडू नये, आतल्या आत भाजत राहावी. पेटवायचा तो वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने, म्हणजे आग हळू हळू वाऱ्याला तोंड देत सरकते. आजूबाजूचं गवत आधी साफ. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, पहिल्या पावसावर रोपं अशी तरारून येतात की बघत राहावं. माझी आजी नुसत्या धुराच्या रंगावरून सांगायची राब भाजला की कच्चा राहिला.

आता सांगा, पिढ्यानपिढ्या आग हाताळणाऱ्या माणसाला बेजबाबदार म्हणायचं का? तोटेही आहेत, मान्य. फांद्या तोडून तोडून आमच्याकडची ऐनाची झाडं नुसती खांबासारखी उभी आहेत. कृषी खात्याचे लोक गादीवाफ्यावर रोपं करा म्हणून सांगतात, काहींनी केलीत, जमतंय. आणि राबातून आग निसटते कधी, हेही खरं. पण ती बहुतेक जिथे घरात काम करणारी माणसं कमी झालीत, तरुण पोरं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला गेलीत, म्हातारं माणूस एकटंच राब पेटवतंय, तिथे निसटते.

सह्यभटक्या
मास्तर, राबाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा राग शहरालगतच्या डोंगरांवर काडी लावणाऱ्यांवर आहे. तिथे कोण भात लावतंय?

निवृत्त_वनपाल
गोदाकाठची बेटा, मी वनखात्यात वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून रिटायर झालो. नोकरी निम्म्याहून जास्त नाशिक जिल्ह्यात गेली. खात्याबद्दल बरंवाईट खूप बोलता येईल, ते इथे नको. कामाचं सांगतो.

आपल्या राज्यात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. पण काम त्याच्या आधी सुरू होतं. थंडीत जाळरेषा काढायच्या. पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळू द्यायचं, मग सकाळच्या गारव्यात दोन्ही कडांना माणसं उभी करून ते जाळून टाकायचं, म्हणजे पुढे आग आली तर तिथे तिला खायला काही मिळत नाही. म्हणजे खातंही आग लावतंच. त्या वेळी वाऱ्याचा अंदाज ज्याला येतो तो खरा फॉरेस्टवाला. हे पुस्तकात नाही मिळत.

पूर्वी निर्गुडीच्या ओल्या फांद्या हेच हत्यार. आता ब्लोअर आलेत, एक जण पाठीवर मशीन घेऊन पुढे, पाचोळा आगीकडेच उडवत जातो, त्याच्या मागे फांदीवाले. फार सोपं झालं. पण विझली म्हणून घरी आलो आणि रात्री परत पेटली असं होतं, कारण वाळलेलं खोड आणि शेणाच्या गोवऱ्या आतून धुमसत राहतात. हाताची पालथी बाजू खोडाजवळ नेऊन बघायचं, गरम लागलं की उकरून माती टाकायची. ही सवय नव्या पोरांना लावायला मला फार बोलावं लागायचं.

भरतीचं. वनरक्षकाला बारावी लागते, लेखी परीक्षा, मग धावणं, मुलांना पाच किलोमीटर, मुलींना तीन. तुला पदवी असेल तर एमपीएससीची वनसेवा दे, वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक. बॉटनी चालते. त्यात चालण्याची परीक्षा असते, पुरुषांना चार तासांत पंचवीस किलोमीटर आणि मुलींना चौदा. हे सोपं वाटतं, पण अभ्यासिकेत दोन वर्षं बसून वजन वाढलेली पोरं तिथे रडतात. आरएफओंचं, म्हणजे वनक्षेत्रपालांचं, ट्रेनिंग सांगली जिल्ह्यात कुंडलला असतं. त्याहून वर जायचं असेल तर यूपीएससीची आयएफएस, म्हणजे भारतीय वनसेवा, आहेच.

मुलींचं विचारलंस. खात्यात आता भरपूर मुली आहेत, बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, एकट्या फिरतात. अडचणी आहेत, क्वार्टर धड नसतं, रात्रीची गस्त असते, गावातले पुढारी दम देतात. पण दम आम्हालाही द्यायचे.

गोदाकाठची
काका आणि कुसळ ताई, हे सगळं स्क्रीनशॉट काढून बाबांना दाखवणार आहे. मास्तर, राब मी फक्त रस्त्यावरून जाताना बघितलाय, असा जवळून कधीच नाही. ताई, एमएस्सी कुठून करावी? आणि पैशाचं कोणीच बोललं नाही हां :)

कुसळ
बोलते. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, निघाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं भत्ता. ती नसेल तर प्रोजेक्टच्या नोकऱ्या, त्या ठरावीक मुदतीच्या, पगार त्याहून कमी आणि काही ठिकाणी उशिरा. एक्सेल_शीट यांचा भाऊ सांगतो ते खोटं नाही. साधारण तिशीपर्यंत घरच्यांना तुझं नेमकं काय चाललंय ते कळत नाही, ही तयारी ठेव. वनरक्षकाची मूळ श्रेणी २१,७०० पासून सुरू होते, पण ती कायमची नोकरी आहे, हा फरक आहेच.

एमएस्सीसाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, १९८२ ची, आणि बंगळूरला एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेचा वन्यजीवशास्त्राचा दोन वर्षांचा कोर्स, या दोन्हीकडे जागा मोजक्या आणि स्पर्धा प्रचंड. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आहे, गरवारे कॉलेज आहे, तिथून निघालेली बरीच मंडळी चांगलं काम करतायत. जंगलशास्त्रच हवं असेल तर डेहराडूनची एफआरआय, म्हणजे वन संशोधन संस्था. पण माझं ऐकशील तर कोर्सच्या आधी हा एक उन्हाळा नाशिकमध्ये वाया घालवू नकोस.

फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाच्या वणवा पोर्टलवर कोणालाही नाव नोंदवून आपल्या भागाचे आगीचे अलर्ट मोबाइलवर घेता येतात. ते अलर्ट सॅटेलाइटवरून येतात. त्यातला एक सेन्सर ३७५ मीटरचा चौकोन बघतो आणि दुसरा एक किलोमीटरचा. मजा अशी की ही सॅटेलाइट्स ठरावीक वेळेलाच डोक्यावरून जातात, साधारण सकाळी एकदा, दुपारी दीडच्या सुमारास, आणि रात्री पुन्हा तशीच. आपल्या डोंगरांवरचं गवत संध्याकाळी सहाला पेटतं आणि नऊला सगळं जळून विझलेलं असतं. म्हणजे अलर्ट येणारच नाही. उलट दुपारी भाजलेला मास्तरांचा राब वणवा म्हणून नकाशावर ठिपका होऊन बसू शकतो. मग नाशिक जिल्ह्यात वणवे किती याचं उत्तर त्या ठिपक्यांवरून काढणाऱ्याचं काय होत असेल?

तर तू हे कर. फेब्रुवारी ते मे सेंटिनेल-२ या सॅटेलाइटची फुकट चित्रं दर पाच दिवसांनी मिळतात, दहा-वीस मीटरपर्यंत दिसतं. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिक, तेही फुकट आहे. रामशेज, चामरलेणी, अंजनेरी, एवढेच डोंगर घे, जळालेले काळे पट्टे आखून काढ आणि अलर्टशी ताडून बघ. मग पायी जा, जळालेल्या आणि न जळालेल्या भागात एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन टाक आणि गवतं लिहून काढ. पावसाळ्यात परत तेच चौकोन. एवढं केलंस तर कुठल्याही मुलाखतीत तुझ्याकडे स्वतःचं बोलायला असेल. जंगलात शिरायच्या आधी आरएफओ ऑफिसला लेखी परवानगीचा अर्ज टाक, संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेल्या जंगलात तर नक्कीच.

आणि सह्यभटक्या, एक विचारते, भांडायला नाही. तुम्ही झाडं लावता तो उतार पन्नास वर्षांपूर्वी जंगल होता की माळ?

सह्यभटक्या
माहीत नाही. उघडा बोडका होता म्हणून लावली.

कुसळ
तिथेच अडतं. उघडा दिसला म्हणजे उजाड झालेला असं नसतं. आपल्या कातळाच्या डोंगरांवर काही पट्टे कायमचेच गवताचे आहेत. तिथे खड्डे खणून बाहेरची झाडं लावली, गवत कापलं नाही, चरायलाही बंद केलं, की तीन वर्षांत कंबरेएवढं वाळलेलं गवत साठतं आणि मग जी आग लागते ती झाडांना सोडत नाही. चराईबंदी करायची तर गवत कापून न्यायची सोय गावाला द्यायला पाहिजे, पोसलेलं गवत आत सोडून कुंपण घालणं म्हणजे सरपणाला कुलूप लावून ठेवण्यासारखं आहे. बोरगडचं उदाहरण तुमच्या शेजारीच आहे, २००८ ला संवर्धन राखीव झालं, तिथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखण झाली म्हणून जंगल उभं आहे.

सह्यभटक्या
गवत कापायचं म्हणताय तर माणसं मी आणतो, ग्रुपमध्ये दीडशे जण आहेत. पण परवानगीसाठी हेलपाटे कोण घालणार? आम्ही मागे एकदा घातलेत, पाणी प्यायलाही कोणी विचारलं नाही.

निवृत्त_वनपाल
त्या गावची संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्याकडून ठराव घेऊन जा. शहरातल्या ग्रुपच्या अर्जापेक्षा गावचा ठराव जड पडतो. आणि गवत गावालाच न्यायला सांगा, तुम्ही फक्त कापू लागा. दिवाळीनंतर लगेच, बी गळायच्या आत.

एक्सेल_शीट
धागा वाचून मत थोडं मऊ झालंय. क्यूजीआयएस शिकली तर वाइल्डलाइफ नाही जमलं तरी जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या कामात, नोकरी मिळते, आमच्याच कंपनीत घेतात. हे बाबांना सांगा, त्यांना पटेल.

पेठकर
राब बघायचा तर होळीनंतर ये. करंजाळीच्या पुढे आलीस की फोन कर, नंबर व्यक्तिगत निरोपात टाकतो. एकटी नको, आईला किंवा मावशीला घेऊन ये. आमच्या घरी नागलीची भाकरी मिळेल, बीएडचा विषय मावशींशी मी बोलतो, बीएड झालेला माणूस समोर बसवला की त्या परत नाव काढणार नाहीत.

आगगाडी
मास्तरांना धाग्याचा मॅन ऑफ द मॅच.

गोदाकाठची
मावशी वाचतीये हा धागा :D तिने विचारलंय नागलीच्या भाकरीबरोबर काय असतं. पोर्टलवर नाव नोंदवलं, क्यूजीआयएस डाउनलोडला लावलंय. काका, शेवटचं एक, फील्डवर जाताना कपडे-बूट काय घालू?

निवृत्त_वनपाल
जाड सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे. ते जिमचे चकाकणारे टीशर्ट अजिबात नको, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतात. बूट चामड्याचे, स्पोर्ट्स शूजचा सोल गरम राखेवर सुटतो. ओला पंचा गळ्यात. पाणी दोन लिटर तरी. आणि आग अंगावर आली असं वाटलं तर डोंगर चढून पळायचं नाही, आधीच जळून काळी झालेली जमीन कुठे आहे ती बघून ठेवायची आणि तिकडे जायचं. डोंगरावर पोचलं की पहिलं काम हेच, विझवायचं नंतर.